वार्धक्यातील विषाद : बाजारपेठेतील कुटुंबांसाठी काही सूचना

भायखळा, मस्जिद बंदर आणि क्रॉफर्ड मार्केट येथील घाऊक व्यापार १९८१ पासून टप्प्याटप्प्याने खाडी ओलांडून तुर्भ्याला आला, आणि १९९६ साली भाजी व फळे यांचे बाजार येथे भरू लागल्यावर कांदा-बटाटा, मसाला, दाणा, भाजी आणि फळ अशा पाच बाजारांचे जे एक नगरच उभे राहिले आणि ज्याला आज लहानथोर सारे एपीएमसी मार्केट एवढ्याच नावाने ओळखतात, त्या नगरात त्या काळी ऐन तिशी-पस्तिशीत आलेला माथाडी, मापाडी, दिवाणजी आणि वडिलांच्या गादीवर नुकताच बसू लागलेला आडत्याचा मुलगा, हे सर्व जण आज एकाच सुमारास साठी ओलांडून पुढे गेले आहेत. अशी अख्खी पिढी जेव्हा एकदम वार्धक्यात प्रवेश करते, तेव्हा तिच्या गुडघ्यांची, रक्तदाबाची आणि साखरेची चौकशी होते. तिच्या मनाची चौकशी मात्र कोणी करीत नाही, आणि खुद्द ती पिढीही ती कोणाला सहसा करू देत नाही. प्रस्तुत लेख त्या राहून गेलेल्या चौकशीसंबंधी आहे, आणि तो कोपरखैरणे-घणसोलीच्या माथाडी वसाहतींत किंवा वाशीच्या इमारतींत आईवडिलांसह राहणाऱ्या मुलासुनांना जितका उद्देशून आहे, तितकाच गाळ्यावरच्या मालकाला आणि टोळीच्या मुकादमालाही आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो दूर झाल्यावाचून पुढची कोणतीही सूचना कोणी मनावर घेणार नाही. ‘वय झाले की माणूस असा गप्प होतोच’ ही आपल्याकडची सर्वमान्य समजूत आहे, आणि ती निखालस चुकीची आहे. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजातून वैद्यकीची पदवी घेऊन, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात मानसोपचाराचे शिक्षण पुरे करून १९७४ साली अमेरिकेस गेलेले डॉ. दिलीप जेस्ते यांनी आपले पुढील सारे आयुष्य वृद्धांच्या मनोविकारांच्या अभ्यासास वाहिले, आणि २०१२ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षपद या मराठी डॉक्टरांकडे आले. सॅन डिएगो येथे एकविसाव्या वर्षापासून शंभरीपर्यंतच्या दीड हजारांवर माणसांची पाहणी करून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली जे निष्कर्ष मांडले, त्यांत असे आढळले की शरीर वयाबरोबर क्षीण होत गेले तरी मनाचे समाधान आणि स्वास्थ्य वयाबरोबर सरासरीने वाढत जाते. याचा अर्थ इतकाच घ्यावयाचा की आपल्या घरातील वृद्ध महिनोन्‌महिने खिन्न आणि विरक्त असेल, तर ते त्याच्या वयाचे लक्षण समजू नये. ती एक व्याधी आहे, आणि तिच्यावर उपाय आहे.

ही व्याधी किती पसरलेली आहे आणि तिची दखल किती थोडी घेतली जाते, याचा दाखला सरकारी पाहणीतच मिळतो. २०१७-१८ मध्ये झालेल्या देशव्यापी वार्धक्य सर्वेक्षणात, ज्याला संक्षेपाने ‘लासी’ म्हणतात, साठीपुढील व्यक्तींना पद्धतशीर प्रश्न विचारले असता शंभरांत सुमारे आठ जणांमध्ये विषादरोगाची चिन्हे आढळली. मात्र डॉक्टरांनी आपल्याला हा रोग असल्याचे सांगितले आहे, असे म्हणणारे शंभरांत एकही भरले नाहीत. म्हणजे दहा आजाऱ्यांपैकी नऊ जण आपला आजार नावानिशी न कळताच तो सोसत असतात.

तो न कळण्याचे कारण असे की ‘माझे मन उदास आहे’ असे म्हणण्याची या पिढीला सवयच नाही. ज्याने चाळीस वर्षे पाठीवर गोणी वाहिली, त्याची सारी भाषा शरीराची आहे. त्याचे दुःखही शरीराच्याच वाटेने बाहेर येते. अंगात त्राण नाही, डोके जड झाले आहे, छातीत धडधडते, पोट साफ होत नाही, घास घशाखाली उतरत नाही, रात्री दोनला डोळा उघडतो तो पुन्हा लागत नाही, अशा तक्रारी घेऊन तो एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात जातो, रक्त तपासले जाते, कार्डिओग्राम काढला जातो, आणि ‘काही निघाले नाही’ हे ऐकून घरची माणसे निर्धास्त होतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे म्हातारा सोंग करतो आहे असे मानू लागतात. वस्तुतः ज्या वेळी तपासणीत काही निघत नाही आणि तक्रार मात्र हटत नाही, त्याच वेळी मनाकडे वळले पाहिजे.

घरच्या माणसाने पाहावयाची लक्षणे पुस्तकातल्या यादीपेक्षा पुष्कळ साधी असतात. भाजी बाजारात मध्यरात्रीनंतर गाड्या लागतात आणि उजाडण्यापूर्वी खरेदी ऐन भरात येते. अशा बाजारात आयुष्य काढलेला माणूस निवृत्त झाल्यावरही सकाळच्या पहिल्या चहाबरोबर आजचा भाव काय निघाला हे विचारीतच असतो. नाशिकचा माल किती आला, हापूसची पेटी कितीला गेली, पावसाने कोथिंबीर किती कडाडली, हे त्याच्या रक्तातच भिनलेले असते. तो माणूस भाव विचारीनासा झाला, समोरचा चहा निवून साय धरू लागला तरी त्याला भान राहीनासे झाले, दाढीचे खुंट वाढले, जुन्या टोळीतला सोबती दारी आला असता ‘झोपलेत म्हणून सांग’ असा निरोप आतून येऊ लागला, आणि हे सारे दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज घडत राहिले, तर त्याला थकवा समजू नये. पत्नीच्या वा पतीच्या निधनानंतरचा शोक आणि हा विषाद यांतही भेद करता येतो: शोक लाटांसारखा येतो आणि ओसरतो, मधेच नातवाच्या बोबड्या बोलाने शोकाकुल माणूसही हसतो, विषादात ती ओहोटी येतच नाही, आणि माणूस गेलेल्याबद्दल बोलण्याऐवजी स्वतःच्या नालायकीबद्दल बोलू लागतो.

स्त्रियांच्या बाबतीत अधिक जागरूक राहावे लागते. दाणा बाजारात धान्य चाळण्या-निवडण्यात जिचे हात झिजले, किंवा जिने नवऱ्याच्या रात्रपाळीच्या डब्यांभोवती आपले सारे आयुष्य बेतले, तिला निवृत्तीचा दिवस नसतो. ती खिन्न असली तरी भाकऱ्या थापीतच असते, आणि हात चालू आहेत म्हणजे मनही ठीक आहे असे घर गृहीत धरते. तिच्याबाबतीत काम थांबले का हे पाहण्यात अर्थ नाही. तिचे बोलणे कमी झाले का, शेजारणीकडे जाणे सुटले का, सणावाराचा उत्साह आटला का आणि ताटातले अन्न उरू लागले का, हे पाहावे.

आता उपायांकडे वळतो, आणि येथे ज्या एका मनोविकारतज्ज्ञाच्या कारकिर्दीचा हात धरून चालावेसे वाटते ते पिट्सबर्गचे डॉ. चार्ल्स रेनॉल्ड्स होत. वृद्धांचा विषाद हा एकच विषय त्यांनी जन्मभर धरून ठेवला. हा रोग बरा झाला तरी उलटतो, आणि तो उलटू नये यासाठी काय करावे, हा त्यांचा मुख्य प्रश्न होता. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात, ज्यांना हा विकार वारंवार झाला होता आणि जे उपचाराने बरे झाले होते अशा साठीच्या आसपासच्या व त्याहून वृद्ध रुग्णांची तीन वर्षे पाहणी करण्यात आली; ज्यांना औषधही नव्हते आणि समुपदेशनही नव्हते अशा शंभरांपैकी नव्वदांना रोग पुन्हा झाला, आणि ज्यांना दोन्हींची जोड होती अशांपैकी सुमारे वीसच जणांना. बरे वाटू लागताच गोळी सोडणाऱ्या आपल्या समाजाने हे दोन आकडे लक्षात ठेवावेत.

परंतु आपल्याला अधिक जवळचे वाटावे असे त्यांचे काम गोव्यात झाले. गोवा मेडिकल कॉलेजचे डॉ. अमित डायस आणि गोव्यातील ‘संगत’ ही संस्था यांच्यासह त्यांनी असा प्रश्न हाती घेतला की साठीपुढील ज्या माणसांना अजून पुरता रोग जडलेला नाही, पण मन खचू लागले आहे, त्यांचा रोग मुळातच अडवता येईल काय. एकूण १८१ व्यक्ती निवडल्या. त्यांपैकी निम्म्यांना नेहमीची वैद्यकीय देखभाल दिली, आणि उरलेल्यांकडे नियमितपणे समुपदेशक पाठवले. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. त्याच मुलखातली, तीच भाषा बोलणारी, या कामापुरते प्रशिक्षण घेतलेली साधी माणसे होती. त्यांनी शिकवले ते अडचणींची उकल कशी करावी, झोप कशी सुधारावी, मधुमेहासारख्या जुन्या दुखण्याची निगा कशी राखावी, आणि सरकारी योजनांचा लाभ कसा मिळवावा एवढेच. २०१९ साली निकाल प्रसिद्ध झाला तेव्हा वर्षभरात नेहमीच्या देखभालीतल्या शंभरांपैकी सुमारे चौदांना विषादरोग झाल्याचे दिसले, आणि समुपदेशन मिळालेल्यांपैकी चार-साडेचारांनाच. मनोविकारतज्ज्ञ मोजकेच असलेल्या देशात या निकालाचे मोल फार मोठे आहे. जड गोणी पाठीवर चढवताना दुसऱ्या माणसाचा हात लागतो, आणि तो हात देणारा पहिलवान असावा लागत नाही. नेमक्या क्षणी, नेमक्या जागी तो लागला म्हणजे झाले. गोव्यात जे साध्या माणसांना साधले, त्यातले पुष्कळसे कोपरखैरण्याच्या सुनेला किंवा दाणा बाजारातल्या मुकादमाला का साधू नये?

अडचणींच्या उकलीची रीत अशी. खचलेल्या माणसाला सर्व संकटांचा एकच डोंगर दिसतो. तो फोडून त्यातली एकच, लहान आणि आपल्या हातातली अडचण त्याच्याकडूनच निवडून घ्यावी. भविष्य निर्वाह निधीचा अर्ज माथाडी मंडळाच्या कचेरीत अडकला असेल, तर ‘सगळे नशीबच फुटके’ या बोलण्याला उत्तर देत न बसता, मंगळवारी सकाळी कोणती कागदपत्रे घेऊन कोणाबरोबर जायचे एवढेच ठरवावे, ते कागदावर लिहावे, आणि बुधवारी काय झाले ते विचारावे. काम झाले नसले तरी पुढची पायरी ठरवावी. निर्णय त्याचाच असू द्यावा. आपण परस्पर सारे उरकून टाकले तर आपण निरुपयोगी झालो ही त्याची समजूत अधिकच पक्की होते.

झोपेच्या बाबतीत बाजारातल्या माणसांची अडचण आगळी आहे. ज्याच्या देहाला तीन-चार दशके रात्री जागण्याची आणि दुपारी झोपण्याची सवय लागली, तो निवृत्त झाल्यावर दिवसभर पडून राहतो, रात्री छताकडे पाहत बसतो, आणि मग औषधाच्या दुकानातून मागच्या चिठ्ठीवर झोपेची गोळी आणतो. ही गोळी वृद्धाला घातक आहे. तिच्यामुळे तोल जातो, स्मृती मंदावते, आणि पहाटे मोरीकडे जाताना पडून खुब्याचे हाड मोडल्यावर अंथरूण कायमचे चिकटते. तिच्याऐवजी चार नियम पाळावेत: झोप कशीही लागली असो, सकाळी उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी, अंथरुणात घालवण्याचा एकूण वेळच कमी करावा, डोळे मिटू लागल्याशिवाय आडवे होऊ नये, आणि झोप लागत नसेल तर उठून दुसरीकडे बसावे. पहिले काही दिवस जड जातात, त्या दिवसांत घरच्यांनी सोबत केली पाहिजे. ज्याची गोळी वर्षानुवर्षे चालू आहे, त्याने मात्र ती एकदम बंद न करता डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी.

दिवसाला आकार देणे हा तिसरा उपाय. मन लागेल तेव्हा काम करू, असे विषादग्रस्त माणूस म्हणतो. अनुभव उलटा आहे, आधी काम सुरू होते आणि मन मागाहून येते. ज्या व्यापाऱ्याने गादी मुलाकडे सोपवली, त्याला रोज ठरावीक दोन तास गाळ्यावर येऊ द्यावे आणि खरेखुरे काम द्यावे: जुन्या गिऱ्हाइकांशी बोलणे, शेतकऱ्याला द्यावयाची पट्टी एकदा नजरेखालून घालणे, थकलेल्या उधारीची आठवण करणे. नुसते उपचारापुरते खुर्चीवर बसवल्याने अपमान होतो. निवृत्त माथाड्याला ओझे उचलू देऊ नये हे खरे, पण नवख्या पोरांना पाठ सांभाळून गोणी कशी घ्यावी हे त्याच्याइतके कोण सांगेल? महानगरपालिकेची ज्येष्ठ नागरिकांसाठीची विरंगुळा केंद्रे आहेत, भजनी मंडळे आहेत. तेथे ‘जाऊन या’ असे सांगणे पुरत नाही, पहिले काही दिवस कोणीतरी बरोबर गेले पाहिजे.

आणखी एक सूचना, जिच्यावर मला विशेष भर द्यावासा वाटतो. सातारा, जुन्नर, आंबेगाव या भागांतून आलेल्या पुष्कळ कुटुंबांत निवृत्तीबरोबर ‘आता गावी जाऊन राहू’ हा बेत असतो, आणि तो चांगलाही असतो. परंतु मन खचलेले असताना घर विकणे, खोली सोडणे, जमिनीची वाटणी करणे असले निर्णय घेऊ नयेत. विषादाच्या काळात माणसाला सर्वस्व सोडून देण्याची घाई होते. रोग उतरल्यावर त्याच निर्णयाचा पश्चात्ताप होतो, आणि तोवर दस्त नोंदलेला असतो.

हे सारे करूनही दोन-तीन आठवड्यांत उतार पडला नाही, किंवा आजार प्रथमपासूनच तीव्र असेल, तर डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे. आधी नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडे जावे, चालू असलेल्या झाडून साऱ्या गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात, आणि थायरॉइड, बी-१२ जीवनसत्त्व, हिमोग्लोबिन, साखर व रक्तातील सोडियम यांची तपासणी करून घ्यावी, कारण यांतील बिघाडही विषादासारखाच दिसतो. तेथून मनोविकारतज्ज्ञाकडे जाताना ‘वेड्यांचा डॉक्टर’ हे शब्द घरात उच्चारूही नयेत. वृद्धांना औषध थोड्या मात्रेने सुरू करून सावकाश वाढवावे लागते. गुण दिसायला चार ते सहा आठवडे, कधी त्याहून अधिक लागतात, तर पोटाच्या तक्रारी पहिल्या आठवड्यातच सुरू होतात, आणि नेमक्या याच मुदतीत बहुतेक जण औषध सोडतात. ते सोडू नये. मात्र पहिल्या काही आठवड्यांत गोंधळल्यासारखे होणे, फार गळून जाणे, पडणे असे काही झाले तर ताबडतोब डॉक्टरांना कळवावे, कारण काही औषधांनी वृद्धांच्या रक्तातले सोडियम उतरते. ज्यांना अॅस्पिरिन चालू आहे, त्यांनी ते आवर्जून सांगावे. बरे वाटू लागल्यावरही औषध किमान सहा महिने ते वर्षभर चालू ठेवावे लागते, आणि ज्यांना रोग वारंवार होतो त्यांना अधिक काळ. अन्नपाणी सोडून पडलेल्या रुग्णाला भूल देऊन केलेली विद्युतचिकित्सा सुचवली गेली, तर चित्रपटांतली दृश्ये आठवून ती नाकारू नये. तीव्र विषादात ती वृद्धांना फार गुणकारी ठरते.

कधी कधी विस्मरणाचा संशय येतो. आयुष्यभर आकड्यांत न चुकलेला दिवाणजी बेरजा चुकू लागतो, आणि घर बुद्धिभ्रंशाच्या कल्पनेने हादरते. विषादातले विस्मरण बहुधा काही आठवड्यांत उद्भवते, आणि रुग्ण स्वतःच ‘मला काही आठवत नाही, माझे डोके गेले’ म्हणून तक्रार करतो. बुद्धिभ्रंश वर्षानुवर्षांच्या चालीने येतो, आणि रुग्ण आपली चूक झाकू पाहतो. हा भेद ठोकळ आहे, निवाडा तज्ज्ञानेच करावा. पण विषादातले विस्मरण उपचाराने पुष्कळदा सुधारते, म्हणून निराश होऊन घरी बसू नये.

‘मी गेलो तरी तुमचे काही अडणार नाही’, ‘उगाच तुम्हाला जड झालोय’ ही वाक्ये वृद्धांच्या तोंडी इतकी रुळली आहेत की ऐकणारा ती कानाआड करतो. ती कानाआड करू नयेत. जवळ बसून सरळ विचारावे: ‘आप्पा, अलीकडे तुमचे कशात मन लागत नाही असे मला दिसते आहे. जिवाचे काही बरेवाईट करावे असे मनात येते का?’ असे विचारल्याने तो विचार मनात भरतो, ही भीती निराधार आहे. उलट इतके दिवस एकट्याने वाहिलेली गोष्ट बोलता आल्याने माणूस हलका होतो. उत्तर होकारार्थी आले तर रागावू नये, शपथा घालू नयेत. त्याला एकटे सोडू नये, घरातील औषधे आणि कीडनाशके कुलपात ठेवावीत, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. हातून काही प्रयत्न घडला तरी पोलीस, खटला यांच्या धास्तीने उपचार लांबवू नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ अशा व्यक्तीला तीव्र तणावाखाली असल्याचे गृहीत धरतो आणि तिची काळजी घेण्याचे कर्तव्य सरकारवर सोपवतो. याच कायद्याने विमा कंपन्यांवर मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमा देण्याचे बंधन घातले आहे. त्यामुळे पॉलिसी असेल तर चौकशी जरूर करावी.

वाशीला महानगरपालिकेचे सार्वजनिक रुग्णालय आहे, आणि ठाण्यास प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, तेथे दाखल न होताही बाह्यरुग्ण विभागात दाखवता येते. एवढे अंतर जाण्याची तयारी नसेल, तर केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक लावावा. तो रात्रंदिवस चालू असतो, त्याला पैसे पडत नाहीत, आणि तेथे मराठीत बोलता येते. निवृत्तिवेतन, कायदेशीर अडचण किंवा घरातील छळ यासंबंधी ज्येष्ठांना १४५६७ या क्रमांकावर मदत मिळते. हे दोन्ही क्रमांक गाळ्यातल्या दिनदर्शिकेवर आणि घरातल्या फोनशेजारी आजच मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत, आणि टोळीतून निवृत्त झालेल्या ज्या सोबत्याची गाठ पुष्कळ दिवसांत पडलेली नाही, त्याच्या घरी मुकादमाने या आठवड्यात एकदा जाऊन यावे, ही विनंती.